तळाचं पिवळं

डेल्मा हॅडलोच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली काचेचे दोन बुधले कायम शेजारी शेजारी असत. एकात आल्याची बिअर, दुसऱ्यात पिवळं. बिअर माणसांसाठी, पिवळं घोड्यांसाठी. दोन्ही करायला तिला वडिलांनी शिकवलं होतं आणि दोन्हींचा नियमही एकच होता: बुधला कधी पुरता रिकामा करायचा नाही. तळाशी चार बोटं जुनं ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. "जुन्याशिवाय नव्याला जोर येत नाही," असं म्हातारा म्हणायचा. तो जाऊन जमाना झाला, पण त्याचा शब्द डेल्माला ब्रह्मवाक्य होता.

पिवळं म्हणजे घोड्याच्या मानेत टोचायचं जीवनसत्त्वांचं पाणी. टाकीतलं पावसाचं पाणी उकळायचं, त्यात पुड्या विरघळवायच्या, फडक्यातून गाळायचं आणि शेवटी बेन्झिल अल्कोहोल घालायचं. हे अल्कोहोल पडलं की डेल्मा निर्धास्त. मग बाटल्या भरायच्या आणि फळांच्या केकबरोबर ओळखीपाळखीत वाटायच्या. वॅलगाराच्या माळावर वर्षातून एकदा जी शर्यत होते, तिच्यात पळणाऱ्या निम्म्या घोड्यांच्या मालकांकडे फ्रीजमध्ये दुधाशेजारी डेल्माची बाटली असे. लोक तोंडभर कौतुक करत, आणि कौतुक कोणाला नको असतं?

यंदा तिने रूबी मॅकलिशच्या घोडीला स्वतःच्या हाताने पिवळं टोचलं आणि उरलेली बाटली रूबीकडेच ठेवली. रूबी तिची शेजारीण. शेजारीण म्हणजे मधे चाळीस किलोमीटरचा कच्चा रस्ता, पण या भागात त्याला शेजारच म्हणतात. नवरा गेल्यावर रूबीने गुरं विकली आणि एकच जनावर ठेवलं, ही तपकिरी घोडी. नाव टिलीव्हॅक. शर्यतीत ती कधी पहिली आली नव्हती आणि येण्याची लक्षणंही नव्हती. पण रूबी सकाळी उठायची ती या घोडीसाठीच, हे डेल्माइतकं कोणाला माहीत नव्हतं.

तीन दिवसांत घोडीची मान सुजली. हात लावला की कातडीखाली हवा भरल्यासारखं कुरकुर वाजायचं. घोडी मान खाली घालून उभी, चाऱ्याला तोंड लावेना. गावातून जनावरांची डॉक्टर फ्रान ओडेल आली. तिने मान दोन जागी उघडली, पू काढला आणि पेनिसिलिन चालू केलं. परत जाताना वाटेत ती डेल्माकडे थांबली.

"मिसेस हॅडलो, ते औषध बघू जरा."

"बघ की. चाटून बघितलंस तरी चालेल," डेल्मा म्हणाली. "त्यात अल्कोहोल आहे, पोरी. त्यात जंतू जगेल होय?"

"ते अल्कोहोल राखण करतं, साफसफाई नाही. उघडताना मिटताना चुकून चार जंतू आत गेले, तर त्यांना वाढू देत नाही, एवढंच त्याचं काम. आधीच आत जे बसलंय त्याला ते मारत नाही. आणि घोडीच्या मानेत मला जो वाटतोय, तो जंतू कवच पांघरून झोपतो. उकळत्या पाण्यातसुद्धा टिकतो."

"माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं."

"त्यांचे सगळे घोडे जगले?"

डेल्मा उत्तर देणार होती. पण तिला वडिलांचा करडा घोडा आठवला, साप चावून गेलेला. साप कोणी पाहिला नव्हता. मान मात्र सुजली होती.

फ्रानने बुधल्यातला नमुना घेतला. "आणि हा तुम्ही धुता कधी?"

"धुवायचा कशाला? तळाशी जुनं ठेवायचं असतं," डेल्मा म्हणाली आणि सवयीने शेजारच्या बुधल्याकडे बोट केलं. "बिअरसारखंच."

"बिअरच्या तळाशी काय असतं?"

"काय असतं म्हणजे? तिचं बियाणं. ते जिवंत ठेवायचं, त्याला रोज साखर घालायची, तर..."

वाक्य अर्धवट टाकून ती पिवळ्याच्या तळाशी उरलेल्या चार बोटांकडे बघू लागली. फ्रानने नमुन्याची बाटली खिशात टाकली आणि चहा न घेताच गेली.

आठवडा संपता संपता तिचा फोन आला. बुधल्यात आणि घोडीच्या पुवात तोच जंतू होता. "सगळ्यांकडच्या बाटल्या परत घ्या. रूबीला मी कळवते," फ्रान म्हणाली.

"नको, रूबीला मीच सांगेन."

"मग आजच सांगा."

डेल्माने त्याच दिवशी पिवळं मागच्या अंगणात खड्डा करून ओतलं आणि बुधला फोडला. मग गाडी काढली आणि घरोघर जाऊन बाटल्या गोळा केल्या. "ही खेप जमली नाही," एवढंच सांगे, बाकी ताकास तूर लागू देत नसे. लोक हसत बाटल्या परत देत. रूबीच्या फाटकापाशी मात्र ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा गाडी वळवून घरी आली. ज्या बाईच्या नवऱ्याच्या मयतीला आपण केक केला, तिला काय तोंडाने सांगायचं की तुझी घोडी मी आजारी पाडली? घोडी सुधारतेय असं कळत होतं. जरा उभारी धरू दे, मग सांगू, अशी तिने स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःची समजूत फार स्वस्तात घालतो.

शेवटी ती गेली, तेव्हा रूबी घोडीला हाताने चारा भरवत होती.

"ये गं बाई! वाट चुकलीस की काय?" रूबी ओरडली. "बघ, खातेय महाराणी. तुझी बिअर आणलीस का?"

"रूबी, मला बोलायचंय."

"बोल की. तुला कधीपासून परवानगी लागायला लागली?"

"तिला जे झालं ते माझ्या पिवळ्यामुळे. डॉक्टरने तपासलं. माझ्या बुधल्यातच ते होतं. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. घाबरले."

रूबीच्या हातातला चारा खाली पडला. घोडीने तो वाकून खाल्ला. रूबी घोडीकडेच बघत होती.

"तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"सकाळीच दिलंय मी तिला," रूबी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दुसऱ्या बाजूला. अशक्त झालीय, म्हटलं थोडं पिवळं देऊ. तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर मी कशाला विचार करू?"

डेल्माने ओसरीवर जाऊन फ्रानला फोन लावला. फ्रान म्हणाली, "पेनिसिलिन चालू आहे हे नशीब. मी येऊन मात्रा वाढवते, पण पोचायला संध्याकाळ होईल. तोवर मानेवर हात ठेवून बसा. कुरकुर लागली की लगेच फोन करा."

फोन ठेवून डेल्मा वळली. आता रूबी हाकलणार, अशी तिने मनाची तयारी केली होती, आणि रूबीने हाकललं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

रूबीने एक खोकं ओढलं आणि घोडीच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं. बोलताना तिने डेल्माकडे पाहिलं नाही.

"चाळीस वर्षांत तुझ्यावर एकदा संशय घेतला असता, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "बस इथे. तुझाच हात ठेव."

डेल्मा बसली. टोचल्या जागी तिने तळवा टेकला. कातडी ऊबदार होती आणि मऊ. घोडी चघळत होती, तिच्या जबड्याची हालचाल हाताला लागत होती आणि प्रत्येक वेळी डेल्मा बोटांनी पुन्हा चाचपून बघत होती. ऊन शेडच्या पत्र्यावरून खाली उतरलं, तरी कातडी मऊच होती.

"मऊ आहे," डेल्मा शेवटी म्हणाली.

"खरं सांगतेस?" रूबीने विचारलं.

हा प्रश्न तिने डेल्माला आजवर कधी विचारला नव्हता. डेल्माने हात काढला आणि रूबीला जागा करून दिली. रूबीने स्वतः दाबून पाहिलं, सावकाश, सगळीकडे. मगच ती डेल्माला म्हणाली, "ठेव आता परत."