धम्माखालची लाल रेघ

अंबरनाथ पश्चिमेच्या बुद्धविहाराची पत्रकं छापून आली आणि भिमाबाईंनी पहिलीच ओळ वाचून गठ्ठा टेबलावर आपटला. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ऐवजी ‘धर्मचक्र’ छापलं होतं. खाली धम्मदेसनेचीही धर्मदेशना झाली होती.

“कोणाचा शहाणपणा हा?”

धाकटा महेंद्र वरमला. “आई, कॉम्प्युटरने लाल रेघा मारल्या. मला वाटलं, माझंच चुकलं.”

“तुझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती काय मशीनने पुसायला?”

बायकांना बोलावून भिमाबाई प्रत्येक पत्रक पेनाने दुरुस्त करायला बसल्या. थोरली यशोधरा मात्र लॅपटॉप उघडून बसली. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. शुद्धलेखन तपासणारा तो प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नव्हता, हौशी मंडळी तो फुकट चालवत होती. कोड सगळ्यांना खुला. ‘दुरुस्ती पाठवा, नवीन लोकांचं स्वागत आहे,’ असं पहिल्याच पानावर लिहिलेलं.

असल्या कामात ती पहिल्यांदाच पडत होती. नियम वाचून तिने शब्द पाठवले: धम्म, धम्मदेसना, परित्राणपाठ, जयभीम. फाइलची मांडणी चुकली म्हणून ते परत आले. तिने मुकाट्याने नीट करून पुन्हा पाठवले. मग प्रकल्प सांभाळणाऱ्या हितेशचं उत्तर आलं: “हे एका विशिष्ट समाजाचे शब्द आहेत. आपला शब्दकोश सर्वसामान्य मराठीसाठी आहे.” आणि त्याने विषय बंद केला.

यशोधराची कानशिलं तापली. तिने अख्खी शब्दयादी उघडली. सोवळं होतं. पळी-पंचपात्र होतं. मुंज तर होतीच, सोडमुंजही होती.

तिने लिहिलं, “सोडमुंज किती घरांत होते हो? ती सर्वसामान्य, आणि घराघरात बोलला जाणारा जयभीम विशिष्ट? सर्वसामान्य म्हणजे कोण, ते स्वागताच्या पानावर लिहून टाका. आमचा वेळ वाचेल.”

“नवीन आहात, जरा सौम्य बोला,” हितेशने लिहिलं. “इथे जात आणू नका.”

“मी नाही आणली. ती तुमच्या यादीत आधीच बसली होती.”

काही दिवसांनी प्रतिभा नावाच्या दुसऱ्या जुन्या कार्यकर्तीने विषय पुन्हा उघडला. “यशोधराताईंचं बरोबर आहे. बंद करायला काही कारणच नव्हतं,” असं लिहून तिने सगळे शब्द यादीत घेतले. हितेशने चुकलं म्हणून एक अक्षर लिहिलं नाही.

महेंद्रला कोण आनंद! “ताई, शब्द देणाऱ्यांत तुझं नाव आलं बघ! पेढे आणू?”

“पेढे कसले? आपलेच शब्द आपल्याच भाषेत ठेवायला भांडावं लागलं, त्याचे?”

तिने फोन उचलून ऑफिसातल्या कुंदाला लावला. कुंदा बारवी धरणाकडच्या आदिवासी ठाकरवाडीतली.

“कुंदा, तुमच्या वाडीत भाताच्या कामाला काय काय शब्द आहेत, सांग बरं. यादीत पाठवायला मी टाइप करते.”