फुकेतला जाऊन आलेली पिशवी

मी एक जुनी खांद्याची पिशवी आहे. माझा रंग एके काळी निळा होता. आता तो कोणता, हे मलाही धड सांगता येणार नाही. पट्टा बदलून झाला आहे आणि चेनीचे पुढचे दात पडले आहेत. पण मित्रांनो, हसू नका. मी विमानात बसले आहे, परदेशातल्या समुद्राची वाळू माझ्या शिवणीत अजून कुठे कुठे अडकलेली आहे, आणि तिथे घडलेल्या एका गोष्टीसाठी मी आजही आभार मानते.

माझा जन्म भिवंडीचा. टेमघरच्या केसरीनाथचा एक गाळा होता आणि त्यात गुलाम हुसेनचे लूम चालत. एकदा जाड कापडाच्या ताग्याचा रंग बिघडला आणि व्यापाऱ्याने माल नाकारला. गुलाम हुसेनची बायको हबीबा हिने त्यातला एक तुकडा निजामपुऱ्यातल्या घरी नेला आणि मला शिवले. दुहेरी शिवण घातली. आत असा चोरकप्पा केला, की ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हाताला तो लागावा. व्यापाऱ्याने टाकून दिलेल्या कापडाला तिने काम दिले, त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

गुलाम हुसेन तरुणपणी जहाजावर खलाशी होता आणि हबीबाही त्याच्याबरोबर चार देश हिंडून आली होती. त्यामुळे परदेशी निघालेला ओळखीतला प्रत्येक जण मला मागायला तिच्याकडे येई. नारपोलीचा अम्मार मला घेऊन दुबईला गेला, हबीबाचा भाऊ मस्कतला. पण मी फुकट मिळत नसे. हबीबा आधी चहा देई आणि चहाबरोबर सूचना. सूचना पुऱ्या ऐकल्याशिवाय पिशवी हातात पडत नसे, हा त्या घरचा रिवाजच होता. मला त्याचा फार अभिमान वाटे.

दोन हजार सात साली केसरीनाथच्या मुलाने, धनेशने, आईवडिलांना परदेशी, फुकेतला फिरायला पाठवायचे ठरवले. दोघांनी जन्मात कधी विमान आतून पाहिले नव्हते. धनेशच्या आईला सगळे टेमघर ताई म्हणत असे. ती नवऱ्याला घेऊन मला मागायला आली.

"ताई, पासपोर्ट कोणाकडे गहाण ठेवायचा नाही," हबीबाने सुरुवात केली. "पाण्यातली स्कूटर भाड्याने देणारे मागतात. त्यांना झेरॉक्स दाखवा, असली या चोरकप्प्यात. हॉटेलचं कार्ड बाहेर पडतानाच उचला. रस्ता चुकलात, की रिक्षावाल्याला नुसतं दाखवायचं. आणि भाडं बसायच्या आधी ठरवा, उतरल्यावर नाही. पाणी सीलबंद बाटलीतलंच प्या. तिकडच्या देवळात जाल तेव्हा खांदे, गुडघे झाकलेले पाहिजेत."

"भाभी, मी लुगडं नेसून जानार हाय," ताई म्हणाली. "माजं गुडगं कोन बगतंय?"

सगळे हसले. मग गुलाम हुसेन समुद्राबद्दल बोलू लागला, तसा केसरीनाथ उठलाच.

"हुसेनभाई, मी खाडीत वाढलेला मानूस हाय. पान्याचं मला नको सांगू."

"केसरीभाऊ, खाडी अलग, दर्या अलग."

पण केसरीनाथ चपला घालून खाली उतरलासुद्धा. गुलाम हुसेनला आणखी बरेच सांगायचे होते. त्याने ताईला घाईघाईने एकच गोष्ट सांगितली. "ताई, लक्षात ठेवा. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. आडवं पोहायचं, किनारा बाजूला ठेवून. ओढ सुटली, की मग आत यायचं."

फुकेतमध्ये हबीबाची सूचना न् सूचना कामाला आली. दोघे बाजारात रस्ता चुकले आणि कार्ड दाखवून सुखरूप परतले. स्कूटरवाल्याने पासपोर्ट मागितला, तर ताईने झेरॉक्स पुढे केली आणि तो डोके खाजवत बसला. ताई दर वेळी माझ्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "भाभी, तुजं भलं होवो." ते ऐकून मी फुगून जात असे.

त्याच दिवसांत नारळी पौर्णिमा आली. केसरीनाथने जन्मात कधी ती चुकवली नव्हती. नारळाला गुंडाळायला त्याने घरून सोनेरी कागद आणला होता आणि नारळ तिथल्या बाजारात घेतला. सकाळी दोघे किनाऱ्यावर गेले. एका ठिकाणी वाळूत काठी रोवलेली होती आणि तिच्यावर लाल निशाण फडफडत होते.

आता मित्रांनो, आमच्या खाडीकाठी लाल निशाण दिसले की तिथे देवस्थान असायचे. नारळ तिथेच सोडायचा. केसरीनाथला दुसरे काय वाटणार? "बग, हितंबी देव हाय," असे म्हणून त्याने चपला काढल्या, निशाणाला हात जोडले आणि पाण्यात उतरून नारळ सोडला.

लाटेने नारळ परत आणला. त्याने तो पुढे जाऊन सोडला. पुन्हा परत आला. केसरीनाथला ते मनाला लागले आणि तो छातीभर पाण्यात शिरला. तिथे पाण्याने त्याला उचलले. बघता बघता तो आत जाऊ लागला. हात मारत होता, जोरात मारत होता, थेट किनाऱ्याकडे तोंड करून, पण तसूभरही पुढे सरकत नव्हता. दूरवर कोणीतरी शिट्ट्या फुंकत धावत येत होते, पण त्याला यायला वेळ होता. मी ताईच्या खांद्याला होते. मी पिशवी, मी काय करणार? इतकी भीती मला कधीच वाटली नाही.

ताई गुडघाभर पाण्यात गेली आणि तिने आवाज लावला. खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला बोलावणारा तो आवाज होता. "अवो, आडवं! आडवं पोवा! हिकरं नको, आडवं!"

केसरीनाथचे हात थकत आले होते. पण हाक त्याच्यापर्यंत पोचली. आयुष्यभर पाण्याबाबत कोणाचे न ऐकलेला तो माणूस वळला आणि आडवा पोहू लागला. हळूहळू ओढ सुटली. तोवर शिट्टीवाला पोरगा तरंगता डबा घेऊन पाण्यात शिरला होता. त्याने केसरीनाथला धरून वाळूवर आणले.

पोरगा त्या निशाणाकडे बोट करून मोठ्याने बोलत होता आणि हातांची फुली करून दाखवत होता. भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. त्या देशात लाल निशाण म्हणजे इथे पाण्यात उतरू नका. केसरीनाथ बराच वेळ खोकत राहिला. मग ताईला म्हणाला, "मी ज्याला हात जोडलं, तोच मला नको म्हनत होता." ताईने त्या पोराचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

भिवंडीला परतल्यावर ताई मला द्यायला गेली, तेव्हा सगळी हकीकत ऐकून हबीबाने मला परत घेतले नाही. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाली. तेव्हापासून मी टेमघरची झाले. मधली काही वर्षे वाईट गेली. चाकांच्या बॅगा आल्या आणि मला माळ्यावर टाकले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. मग एक दिवस केसरीनाथनेच मला खाली काढले, धुतले आणि कोपऱ्याला ठिगळ लावून घेतले.

मित्रांनो, तुम्हीही कधी परक्या किनाऱ्यावर जाल. जाऊन आलेल्या माणसाच्या घरी आधी चहा प्या आणि त्याचे बोलणे पुरते ऐका, मधे उठू नका. तिथल्या खुणांचा अर्थ तिथल्या माणसाला विचारा. आणि घरातली एखादी जुनी पिशवी फेकण्याआधी तिला एकदा धुऊन बघा.

हल्ली केसरीनाथ रोज सकाळी मला खांद्याला लावून मासळी आणायला जातो. परत आला की मला खुंटीला अडकवतो आणि आत हाक देतो, "अगं, आलो." ताईचे हात कामात असतात. तरी ती रोज बाहेर येते, त्याच्याकडे एकदा बघते आणि मगच परत कामाला लागते.