डॉक्टरांचे मामा कुठले?

माणूस पारखायचा तर आधी त्याचं गाव विचारावं, मग मामाचं, ही विश्रांतवाडीच्या सर्जेरावांची रीत. नोकरीला लागलेल्या लेकीच्या, शालूच्या, वेड्यावाकड्या दातांना तारा लावायच्या होत्या. पोरीच्या तोंडात कुणीही सोम्यागोम्यानं हात घालावा की काय! म्हणून जवळच्या दवाखान्यात शिरताच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, गाव कोणतं? मामा कुठले? लग्न झालंय का?"

तरुण डॉक्टर लाजला आणि त्यानं वरच्या मजल्यावर आईला हाक मारली. आई चक्क कांदेपोहे घेऊन खाली आली आणि शालूला म्हणाली, "स्वयंपाकाची आवड आहे का गं?"

सर्जेराव चक्रावले. दात तपासायच्या आधी कुणी खायला घालतं का? आणि दातांचा स्वयंपाकाशी काय संबंध?

शालूला मात्र सगळं उमगलं. एरवी तोंडावर हात धरून हसणारी ती पोर हात विसरून खळखळून हसली.

डॉक्टर बघतच राहिला. "तारा कशाला? छान आहेत की दात."

सर्जेराव लेकीच्या कानात कुजबुजले, "ऊठ, दुसरा डॉक्टर बघू. ह्याला दातातलं काय बी कळत नाय."

"अप्पा," शालू म्हणाली, "आधी पोहे तर संपवा."