उसवलेला खिसा

मित्रांनो, नाक मुरडू नका. कॉलरला कसर लागलीय, अस्तर लोंबतंय, हे मलाही दिसतं. मी तपकिरी लोकरीचा बायकी कोट. पण एके काळी अमेरिकेत घरोघरी लोकांनी मला टीव्हीवर पाहिलंय. नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, ना माझं, ना मला घालणाऱ्या व्हर्ना स्टॅडलरचं.

व्हर्ना हॉलिवूडमध्ये लहानसहान कामं करायची. कधी खडूस घरमालकीण, कधी नर्स, कधी कोर्टात साक्ष देऊन निघून जाणारी बाई. बाजारात लोक तिला थांबवून विचारायचे, "बाई, तुम्ही आमच्या बँकेत होतात का हो?" ती हसून म्हणायची, "असेन बाई, असेन."

अशा छोट्या नटांनी कपडे घरूनच आणायचे, ही तिथली रीत. म्हणून तिच्या नवऱ्यानं, ओटिसनं, मला शिवलं. तो स्टुडिओच्या कपडेपटात शिंपी होता. गरिबाघरच्या कुठल्याही बाईला शोभेन असा त्यानं मला बेतला होता.

ओटिसचा एक नियम होता. सीन अर्धा झाला की त्यातल्या कपड्याला सुई लावायची नाही. फाटलं तर फाटकंच ठेवायचं, डाग पडला तर तोही जपायचा. नाहीतर आधी फाटलेली बाही पुढच्या क्षणी धड दिसते आणि प्रेक्षक हसतात. हा नियम मोडला म्हणून त्यानं कपडेपटातल्या पोरींना रडेपर्यंत झापलं होतं.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थरथरू लागला आणि मागोमाग डोकंही साथ देईना. नुकतीच न्याहारी केलेली असायची आणि तो विचारायचा, "आज उपाशी ठेवणार का गं?" त्याच दिवसांत माझा खिसा फाटला, पण शिवणार कोण?

अशात व्हर्नाला खरी भूमिका मिळाली. पहाटे मुलाला फाशी होणार आहे, आणि आई तुरुंगाच्या दाराशी उभी राहून बोलतेय. इतक्या वर्षांत कॅमेरा पहिल्यांदाच तिच्या तोंडासमोर आला होता. हे साधलं तर पुढचं आयुष्य फिरणार होतं, आणि चुकलं तर तिच्या वयाच्या बाईला दुसरी संधी कोण देतो?

शुक्रवारी बोलता बोलता तिचा हात खिशात गेला आणि बोट फाटक्यातून बाहेर आलं. त्या बोटाशी ती दुसऱ्या हातानं चाळा करत राहिली. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "कॅमेरा त्या बोटावर घ्या." अर्धा सीन झाला, उरलेला सोमवारी ठरला.

"कोट इथंच ठेव," कपडेपटातली मॅज म्हणाली.

"अगं, बाहेर थंडी आहे. सोमवारी अंगावर घालूनच येते की."

सीन अर्धाच झालाय, हे ओटिसला सांगून रविवारी व्हर्ना चर्चला गेली. ओटिसनं मला मांडीवर घेतलं. सुई दोनदा बोटात घुसली, दोरा दातात धरावा लागला, पण गड्यानं खिसा असा शिवला की शिवण शोधूनही सापडू नये. मला कळत होतं, घात होतोय. पण खरं सांगू? त्या हातांखाली मला फार बरं वाटलं.

सोमवारी दिवे लागले, व्हर्नानं खिशात हात घातला, आणि बोट बाहेर येईना.

"अगं बाई! कुणी केलं हे?" मॅज ओरडली.

"माझ्या नवऱ्यानं," व्हर्ना म्हणाली. त्याचा हात अजून चालतो हे तिला कळलं, आणि त्याला आपला नियमही आठवला नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

"मग उसवा की!" दिग्दर्शक करवादला. "वेळ जातोय, बाई!"

मॅज कात्री घेऊन आली. "दे इकडे," व्हर्ना म्हणाली आणि तिनं स्वतःच टाका टाका उसवला. कोपऱ्यातले थोडे टाके तेवढे सोडले. "एवढे दिसत नाहीत ना गं?"

मॅजनं नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

मग व्हर्ना बोलली. सगळा सेट रडला. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, कमाल केलीत! आणलंत कुठून हे रडू?" त्याचा मला इतका राग आला म्हणून सांगू!

टीव्हीवर तो सीन लागला तेव्हा ओटिस एकदम पुढे झुकला. "आधीचं भोक फाटलेलं होतं, हे आत्ताचं कात्रीनं उसवलंय! अर्ध्या सीनमध्ये सुई लावली होती कुण्या गाढवानं?"

"होती एक नवी पोरगी," व्हर्ना म्हणाली.

"हाकला तिला!"

त्यानंतर व्हर्नाला रडक्या आयांची कामं मिळत गेली. सगळीकडे निरोप एकच, तो फाटका कोट घेऊन या. घरी मात्र ओटिसला खिसा दिसला की तो हात पुढे करायचा. "फाटलाय गं. आण, शिवून देतो."

"नको रे. सीन अर्धा आहे."

तो झटकन हात मागे घ्यायचा. "मग सुई लावायची नाही," असं मोठ्या ऐटीत म्हणायचा. तो जाईपर्यंत हे रोज चाललं.

आता व्हर्नाही गेली. मी जुन्या कपड्यांच्या दुकानात टांगलेला आहे. मित्रांनो, मला कुणी विकत घेतलं तर कॉलर बदला, अस्तर बदला, हवं तर कापून पायपुसणं करा. पण खिशाच्या कोपऱ्यात बोट घालून बघा, तिथे वाकडे झालेले थोडे टाके लागतील. तेवढे उसवू नका.