गाळलेले श्वास

तिचा धंदाच श्वास गाळण्याचा होता. स्टुडिओत पुस्तकं वाचून रेकॉर्ड व्हायची आणि वाचणाऱ्याने दोन वाक्यांमध्ये घेतलेला श्वास ती संगणकावर कापून फेकून द्यायची. वाचणारा तिचा नवराच. "बायको माझा श्वाससुद्धा शिल्लक ठेवत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती डोळे वटारायची.

मग तापाचं निमित्त झालं आणि तो दवाखान्यातच वारला. सासूबाईंचं हृदय तोळामासा. धक्का बसला तर त्या हाती लागायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनेने सांगून टाकलं, त्याचं लांबच्या गावी काम निघालंय. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात ना, तसं तिने जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याचा आवाज यंत्रात तयार केला. दुपारी सासूबाईंचं ताट वाढलं की ती आतल्या खोलीतून सासूबाईंच्या फोनवर फोन लावायची, टाइप करायची, आणि यंत्र बोलायचं.

"आई, जेवलीस का?"

सासूबाईंना दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. "पोपटासारखा बोलतोय गं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर रुसलाय का?"

सुनेने आवाजात हसू घातलं, थोडी चिडचिड घातली, तरी तो कोरडाच. कारण लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. आवाजात श्वासच नव्हता, आणि तो तिनेच इतकी वर्षं झाडून काढला होता.

त्याचे श्वास एकाच जागी उरले होते, दवाखान्यातून त्याने तिला पाठवलेल्या शेवटच्या निरोपात. तो ऐकायची तिची आजवर छाती झाली नव्हती. ती मन घट्ट करून बसली आणि जन्मात पहिल्यांदा शब्द फेकून श्वास ठेवले.

ते यंत्राच्या आवाजात पेरले आणि तो जिवंत झाला. इतका, की तिला मागे वळून बघायची भीती वाटू लागली.

सासूबाईंनी फोन ऐकला आणि ताट सरकवलं. "सूनबाई, त्याला घरी बोलावून घे. धाप लागलीय त्याला. त्याच्या बापालाही जाताना असाच श्वास लागला होता."

"दमलाय हो, आई. काम फार पडतं."

"मला नको शिकवूस."

संध्याकाळीही त्या जेवल्या नाहीत. सुनेने घाईघाईने सगळे श्वास पुन्हा काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "आई, जेवलीस का?" आवाज स्वच्छ, हसरा. सासूबाई फोन कानाला दाबून नुसत्याच ऐकत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, सुनेला जवळ बसवलं आणि तिचा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती.

"श्वास थांबला गं त्याचा," त्या म्हणाल्या.

सुनेला रडू आवरेना. टाइप करायला आत कुणीच नव्हतं. पण उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचं, हे तिनेच यंत्राला शिकवून ठेवलं होतं.

"आई, जेवलीस का?"

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ नेला. "हो रे बाळा, जेवले," त्या म्हणाल्या. "आता तू जा."