कौतुकाचं शेपूट

"विचारू नका, फक्त सांगा," कानातल्या बाई म्हणाल्या.

मी विचारलंच. "श्री, हा कुठला रंग?"

"प्रश्न झाला, पद्मजाताई. हरकत नाही. पुन्हा."

मी शाळेत गणित शिकवते. प्रश्न विचारायचे आणि चुका काढायच्या, याचाच मला पगार मिळतो. आणि आता तळेगावच्या या बालविकास केंद्रात चटईवर मांडी घालून, पाच वर्षांच्या पोटच्या पोराशी एकही प्रश्न न विचारता खेळायचं होतं. कानात बोटाच्या पेराएवढं यंत्र होतं आणि समोरच्या भिंतीत मोठा आरसा. आरशापलीकडच्या खोलीतून केंद्रातल्या समुपदेशक अनघाताई आम्हाला बघत होत्या आणि माझ्या कानात बोलत होत्या. आम्हाला त्या दिसत नव्हत्या. आम्हाला आमचीच तोंडं दिसत होती, आणि त्यातलं माझं मला मुळीच आवडलं नाही.

पद्धत अशी की मुलाला कुणी काही करत नाही. औषध नाही, उपदेश नाही. शिकायचं ते आईबापांनी. मूल खेळेल, आपण त्याच्या मागे मागे राहायचं. ते करेल ते बोलून दाखवायचं, ते म्हणेल ते परत म्हणायचं. चांगलं केलं की नेमकं काय चांगलं केलं ते सांगून कौतुक करायचं. वेडंवाकडं केलं आणि कुणाला लागण्यासारखं नसलं, तर तिकडे लक्षच द्यायचं नाही. हुकूम नाही, प्रश्न नाही, टोमणा नाही. घरीही रोज पाच मिनिटं असंच खेळायचं. शिस्त कशी लावायची हा पुढचा धडा, आधी हा. ऐकून पहिल्या दिवशी मी मनात हसले होते. एवढ्यासाठी लोणावळ्याहून तळेगावला यायचं?

पण यावं लागलं होतं, कारण झोळी.

लोणावळ्यात तुंगार्लीतल्या आमच्या घरी, आतल्या खोलीत छताच्या कडीला सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली आहे. इराच्या वेळी त्या गावाहून, टाकव्याहून आल्या त्या आमच्याकडेच राहिल्या. दिवाळी नुकतीच झाली होती. मी भात वाढत होते. झोळीत तीन महिन्यांची इरा. श्रीयशने झोळी पिळली, पिळली आणि जोरात सोडली. इराचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. मी धावले तेव्हा तिला रडताही येत नव्हतं, श्वास अडकला होता. श्री भिंतीला चिकटून उभा होता. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मी द्वाड आहे." पाहुण्यांनी नाव विचारल्यावर मुलं सांगतात ना, तसं.

डॉक्टर म्हणाले, नुसतं टेंगूळ आहे, घाबरू नका. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

चावणं, फेकणं, बालवाडीत दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घालणं हे आधीपासून चालू होतंच. पण त्या रात्री प्रदीप, माझा नवरा, जेवण टाकून उठला आणि म्हणाला, "आणखी एकदा असं झालं तर श्री टाकव्याला. इरा चालायला लागेपर्यंत."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "संक्रांत झाली की मी जायाचीच हाय. येईल माझ्यासंगं. ढोरामागं फिरंल, चुलीम्होरं बसंल, आपसूक सुधरंल पोरगं."

त्यांनी हे मायेनंच म्हटलं. तीच तर पंचाईत. वैर असतं तर मी भांडले असते. भांडायला मला कारण लागत नाही. पण टाकव्याला गेला तर श्रीला एकच गोष्ट कळणार होती, की इरा आली आणि मला घालवलं. आणि तो राहिला तर? एखाद्या दिवशी माझी पाठ वळेल आणि टेंगळावर भागणार नाही. या दोन भीतींच्या मधे मी राहत होते. न्हाणीत जातानाही इराला कडेवर घेऊन जात होते.

तर त्या दिवशी केंद्रात श्री ठोकळ्यांचा मनोरा रचत होता.

"तू निळा ठोकळा वर ठेवलास," मी म्हणाले.

"वर ठेवला," श्री म्हणाला.

"आता कौतुक," कानात आलं.

"किती अलगद ठेवलास. मला आवडलं." आणि जीभ वळली ती वळलीच. "मग घरी का रे नाही असं ठेवत?"

श्रीचा हात थांबला. त्यानं दाराकडे बघितलं. मग उठला आणि मनोऱ्याला लाथ मारली.

एवढ्यात कानात अनघाताईंचा नाही, दुसराच आवाज घुमला. "पुरं कर की गं पद्मा. तोंडावर येवढं कवतिक करत्यात व्हय? दृष्ट लावशील लेकराला. कसलं गुणाचं, द्वाड माकड हाय निस्तं."

सासूबाई इराला घेऊन आरशामागच्या खोलीत बसल्या होत्या. सासू निदान कानात तरी येणार नाही अशी माझी समजूत होती.

"आजी, माइक चालू आहे," अनघाताई शांतपणे म्हणाल्या.

त्यांच्याकडे हे असंच असतं. मुलाचं कौतुक उघडं ठेवायचं नाही, त्यावर लगेच वाईट शब्दाचं झाकण टाकायचं, म्हणजे नजर लागत नाही. इराला रोज काजळाची तीट लागते. त्या येतील तेव्हा श्रीलाही लागायची; तीन वर्षांचा झाल्यावर आता मोठा झाला म्हणून बंद केली. तेव्हापासून त्याच्या वाट्याला शब्द आले. गुणाचं म्हटलं की पाठोपाठ द्वाड. जेवला बघ शहाण्यासारखा, की पाठोपाठ द्वाड.

तास संपल्यावर अनघाताईंनी आम्हा दोघींना बसवलं. "कौतुक झालं की तो थांबतो," त्या म्हणाल्या. "दाराकडे बघतो. कशाची तरी वाट बघतो. ते आलं नाही तर स्वतःच काहीतरी करून आणतो."

"काय आणतो?" मी विचारलं, आणि उत्तर मला तेवढ्यातच कळलं.

"तुमच्याही कौतुकाला शेपूट असतं, पद्मजाताई. छान केलंस, मग काल का नाही केलंस. ते शेपूट कापायचं."

सासूबाईंनी पदर सावरला. "म्हंजी मी नातवाचं वाईट चिंतिते?"

"नाही आजी. तुम्ही त्याला जपता आहात. पण त्याला ते तसं ऐकू येत नाही. आणि एक सांगते, हे बंद केलंत की सुरुवातीला त्याचं वागणं जास्त बिघडेल. तेव्हा घाबरू नका."

घाबरू नका म्हणणाऱ्या माणसांचा मला त्या दिवसांत फार राग यायचा.

लोकलमधे सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. कामशेत गेलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. आता मी तोंडच उघडत न्हाई."

आणि खरंच उघडलं नाही. बाई शब्दाच्या पक्क्या. रोज संध्याकाळी मी पाच मिनिटं श्रीशी खेळायचे, शेपटं चावून टाकायचे, आणि त्या उंबऱ्यात पदर तोंडाला लावून बसायच्या. मी कौतुक केलं की श्री त्यांच्याकडे बघायचा. त्या गप्प. तो थोडा वेळ वाट बघायचा, मग ठोकळा भिरकावायचा. तरी गप्प. मग तो पुस्तक फाडायचा. एकदा त्यानं पाण्याचा तांब्या कपाटाच्या आरशावर फेकला. काचा उचलताना पहिला विचार श्रीचा नाही, इराचा आला. याची मला लाज वाटली, पण आला.

प्रदीप कंपनीतून आला, फुटका आरसा बघितला. "हीच का तुमची थेरपी?" एवढंच बोलला. मग त्यानं माळ्यावरून श्रीची छोटी बॅग काढली आणि झटकून दाराशी ठेवली. बॅग रिकामीच होती. तरी येता-जाता मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

संक्रांतीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सासूबाई टाकव्याला निघणार होत्या. मी गॅसवर तिळगुळासाठी पाक ठेवला होता. तो सोडून हलता येत नाही. इरा झोळीत झोपली होती, सासूबाई अंगणात तीळ पाखडत होत्या, आणि श्री बाहेर पतंग घेऊन बसला होता. म्हणजे मला तसं वाटत होतं.

कडी कुरकुरली.

झोळी आपोआप हलत नाही. मी हातातल्या चमच्यासकट दारापाशी गेले. श्री झोळीजवळ उभा होता आणि लुगड्याचा काठ त्याच्या मुठीत होता.

माझ्या घशाशी सगळं एकदम आलं. काय करतोयस, सोड आधी, मागच्या वेळी काय झालं विसरलास का. प्रश्न, हुकूम, टोमणा. कानात कुणी नव्हतं. आधी त्याचे हात बघा, मग बोला, असं अनघाताई नेहमी सांगायच्या. मी हात बघितले. ते झोळी पिळत नव्हते. हलवत होते, जेमतेम.

"तू झोळी हळू हलवतोयस," मी म्हणाले. आवाज माझा वाटेना.

तो दचकला. "हळू," म्हणाला.

"हळू."

"इरा झोपलीय."

"इरा झोपलीय. तू किती हळू हलवतोयस, म्हणून तिची झोप मोडली नाही. मला फार आवडलं, श्री."

रोज असंच वाग, हे शेपूट ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. आता खोलीत कौतुक तेवढं उघडं उरलं, आणि त्यानंतरची ती शांतता, जिच्यात तो लाथ मारतो. मी त्याच्यापासून किती लांब आहे ते डोळ्यांनी मोजलं. झेप घेतली असती तरी झोळी आधी भिंतीला लागली असती.

त्यानं दाराकडे बघितलं. सासूबाई सूप घेऊन तिथं उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"आजी," श्री म्हणाला, "बोल ना."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बोल ना. मी द्वाड आहे ना?" त्याची मूठ आवळली. झोळी एका बाजूला ओढली गेली, लुगडं ताणलं, कडी कचकचली. "बोल ना आजी."

तो मस्ती करत नव्हता. त्याला खरंच ते हवं होतं. रोजचं काहीतरी राहून गेलं होतं आणि ते आल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नव्हतं. मी एक पाऊल टाकलं, तेवढ्यात सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई रं बाबा. द्वाड न्हाईस तू. लय गुणाचा हाईस."

आणि थांबल्या. पुढं काही जोडलं नाही. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सापाला न घाबरणारी ही बाई, भर दुपारी स्वतःच्या घरात घाबरून इकडंतिकडं बघत होती. लेकराला उघड्यावर ठेवल्यासारखं त्यांना वाटलं असणार. आम्ही दोघी एकाच खोलीत, एकाच पोरासाठी, वेगवेगळ्या गोष्टींना भीत उभ्या होतो. मला त्यांच्याविषयी इतकी माया यापूर्वी कधी वाटली नव्हती.

मग त्या फळीपाशी गेल्या. तिथं इराची काजळाची डबी असते. त्यांनी बोट बुडवलं, श्रीपाशी बसल्या, त्याचा कान पुढं केला आणि मागं मोठी वाकडी तीट लावली.

"हां," म्हणाल्या. "आता करा काय कवतिक करायचं ते. भिऊ नगा."

श्रीनं मूठ सोडली. कानामागं बोट नेऊन बघितलं, बोटावर काळं आलं.

"इरासारखी?"

"व्हय. इरावानी."

"मी मोठा झालो ना पण?"

"झालास की. म्हणून मागं लावलीय. कुणाला दिसत न्हाई."

झोळी सावकाश जागेवर आली. इरा झोपेत चुळबुळली आणि परत झोपली. घरभर वास सुटला तेव्हा माझ्या लक्षात आलं, पाक करपला होता.

संध्याकाळी श्रीनं बापाला कान पुढं करून दाखवला आणि झोळी कशी हळू हलवली तेही सांगितलं. प्रदीपनं काही विचारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. जेवणं झाल्यावर त्यानं दाराशी ठेवलेली बॅग उचलून माळ्यावर टाकली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एकट्याच निघाल्या. गाडीत चढताना माझा हात धरला. "काजळ सपू दिऊ नगंस," म्हणाल्या.

घरी आल्यावर मी इराला झोळीत ठेवलं. श्री शेजारी ठोकळे घेऊन बसला होता. भात उतरवायचा होता. नेहमीसारखं इराला उचलायला मी वाकले आणि थांबले. मग एकटीच स्वयंपाकघरात गेले, आणि भाताचं पातेलं हातात धरून उभी राहिले. आतून कडीचा आवाज येत होता. हळू येत होता.