चार वाजता निघणारा माणूस

आत्याच्या अपमानाचं उट्टं काढायला मला सतरा वर्षं लागली. लोक म्हणतात, राग हळूहळू विरतो. माझा विरला नाही, कारण मी तो विरू दिला नाही. अधूनमधून मुद्दाम ढवळत राहिले.

आमचं हॉस्पिटल आत्याने उभं केलं. आधी दोन खोल्या, मग पाच, मग बाळंतिणींचा वॉर्ड. आम्ही इथले मूळचे लोक. जमीन आमची, आजार आमचे, कारभार मात्र सरकारी खात्याचा. तो आमच्या समितीच्या हाती द्यायचा की नाही हे ठरवायला खात्याचा एक तपासनीस वर्षातून एकदा यायचा. इस्त्रीचा शर्ट, निळी फाइल आणि गाडी बरोबर चारला दारात. सभा कुठवर आलीय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसे. हॉर्न वाजला की फाइल मिटायची. आम्ही त्याचं नावच पाडलं होतं, चारवाजे.

सभा आमच्याकडे कशी चालते ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. आमच्यात प्रमुख शेवटी बोलतो. आधी बाकीच्यांनी बोलायचं, अगदी वॉर्ड पुसणाऱ्या मावशींनीसुद्धा. तोवर प्रमुखाने तोंडात गुळणी धरल्यासारखं बसायचं आणि ऐकायचं. मग सगळ्यांचं मिळून काय म्हणणं झालं ते त्याने सांगायचं, आणि तोच निर्णय. स्वतःचं घोडं पुढे दामटायला ती खुर्ची नसते. प्रमुखाच्या शब्दानंतर कोणी बोलत नाही. लोक उठतात, खुर्च्या भिंतीला लावतात आणि आपापल्या कामाला जातात.

आत्याची बोलायची पाळी साधारण साडेचारला यायची.

पहिल्या वर्षीचा अहवाल मीच तिला वाचून दाखवला. मी तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर बसायचे. ‘अध्यक्षा सभेत बोलत नाहीत. नेतृत्वगुण आढळले नाहीत. समिती अद्याप तयार नाही.’

"आणि मी शेवटी बोलले ते?" आत्याने विचारलं.

"ते यात नाही."

"का नाही?"

"तो निघून गेला होता ना, आत्या."

तिने कागदाची नीट घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. पुढच्या वर्षी तिने मन मारलं आणि सभेत पहिल्यांदा स्वतः बोलली. चांगलं अर्धा तास बोलली. मग व्हायचं तेच झालं. प्रमुखच बोलून बसल्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? सगळे जमिनीकडे बघत बसले. चारवाजेने त्या वर्षी लिहिलं, ‘अध्यक्षा एकतंत्री आहेत. सदस्यांना मत नाही. समिती अद्याप तयार नाही.’ मला हे आजही कोणी विनोद म्हणून सांगितलं तर मी हसेन, आणि मग त्याच्या कानाखाली वाजवेन.

त्यानंतर खात्याने आत्याला एका पत्राने काढून टाकलं आणि आपला माणूस बसवला. चार वर्षांनी आत्या गेली, तिनेच बांधलेल्या वॉर्डात. भेटीची वेळ संपली म्हणून त्या संध्याकाळी मला बाहेर काढलं होतं. शेवटी ती काहीतरी बोलली, असं नर्स म्हणाली. काय बोलली ते तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी कायदा बदलला आणि हॉस्पिटल अखेर आमच्या हाती आलं. लोकांनी मला आत्याच्या खुर्चीत बसवलं. एकच अडचण राहिली. ऑपरेशन थिएटरचा परवाना टिकवायचा तर मोठं हॉस्पिटल चालवल्याचा दहा वर्षांचा अनुभव असलेला प्रशासक महिनाअखेरपर्यंत नेमायला हवा होता. नाहीतर थिएटरला कुलूप, आणि अडलेल्या बाईला अडीच तास लांबच्या हॉस्पिटलात पाठवायचं. जाहिरात दिली. अर्ज आला एक. नाव वाचलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण मला हसू आवरेना.

चारवाजे. खात्यातून एका मोठ्या हॉस्पिटलात गेला, तिथून निवृत्त झाला, आणि आता त्याला काम हवं होतं.

मी कोणाला काही बोलले नाही. फक्त दोन गोष्टी केल्या. सभेच्या विषयांत गळक्या टाकीचा विषय आधी घेतला आणि त्याचा मागाहून. टाकीवर बोलायला आमचे चऱ्हाटकाका होते. ते कंपाउंडर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचं बोलणं काही निवृत्त झालं नाही. टाकी म्हटली की ते विहिरीपासून सुरुवात करतात. दुसरी गोष्ट म्हणजे, सकाळीच मी हॉस्पिटलच्या ड्रायव्हरला बोलावलं.

"साहेबांना सोडायला गाडी चारला दारात लाव," मी म्हटलं. "आणि हॉर्न वाजव."

"साहेबांनी सांगितलंय का, ताई?"

"नाही. मी सांगतेय."

तो आला. केस पांढरे झालेले, एक गुडघा धरलेला, शर्ट मात्र इस्त्रीचाच. नोंदणीच्या हॉलमध्ये आम्ही वीसेक जण गोल करून बसलो होतो. भिंतीवर बाळांचं वजन करायचा काटा, त्याच्या वर घड्याळ. त्याला घड्याळासमोरची खुर्ची दिली होती. ती कोणी मांडली ते सांगायला नको.

"मी पूर्वी इथे यायचो," तो म्हणाला. "तेव्हा एक बाई अध्यक्षा होत्या. शांत होत्या फार. चांगल्या होत्या."

त्याच्या लक्षातच नव्हतं. माणूस आयुष्य उद्ध्वस्त करतो तर निदान त्याने ते लक्षात तरी ठेवावं. मी पदराचं टोक मुठीत आवळलं.

चऱ्हाटकाकांनी टाकी पावणेतीनपर्यंत पुरवली. मग त्याचा विषय निघाला. मला वाटलं होतं, कोणीतरी जुनं उकरून काढेल. तसं काही झालं नाही. त्याने परवान्याच्या अटी तोंडपाठ सांगितल्या, थिएटरमधल्या दोन चुका आल्या आल्या हेरल्या होत्या त्या दाखवल्या, पगारही बेताचाच मागितला. "खरं सांगू का, घरी बसवत नाही," तो म्हणाला, आणि ते खरं वाटत होतं. एकेक जण बोलू लागला. फार्मसीवाली म्हणाली, घ्या. लॅबवाला म्हणाला, सहा महिने घेऊन बघू. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, माणूस कडक आहे, पण कडकच हवा. सुईणआजी हॉस्पिटलची सगळ्यात जुनी माणूस. आत्याबरोबर पहिल्या दोन खोल्या तिने सारवल्या होत्या. आमचा ड्रायव्हर तिचाच जावई.

"याने काय केलं ते मी विसरले नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात माझ्याकडे चार बायका अडचणीच्या आहेत. मला थिएटर उघडं पाहिजे. घ्या त्याला."

सगळ्यांचं मिळून काय होत होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी होते आणि बोलायचे तिघेच राहिले होते.

हॉर्न वाजला.

त्याचा हात आपोआप फाइलवर गेला. मी पाहत होते. मनातल्या मनात म्हणत होते, ऊठ. सतरा वर्षं मी कोणाकडे काही मागितलं नाही, आज एवढंच मागते, ऊठ. तिसऱ्या हॉर्नला तो गुडघा दाबत उठला.

"मला निघायला हवं. अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हसला. "निर्णय काय तो कळवा. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे तुमचीही हरकत नसावी."

कोणीतरी त्याला थांबवायला तोंड उघडलं. मी हात वर केला आणि तो गेला.

उरलेले तिघे दोन-दोन वाक्यं बोलले. दोघे घ्या म्हणाले, तिसरा म्हणाला, सगळे म्हणतील तसं. मग माझी पाळी आली. मी आत्याचे ते दोन्ही अहवाल पर्समधून काढले आणि पहिल्यांदाच सगळ्यांना वाचून दाखवले. "जो शेवटपर्यंत बसत नाही, त्याला आपलं काय ठरलं ते कधीच कळणार नाही," मी म्हणाले. "आत्ता तुमच्यासमोर उठून गेला. तो नको. हाच निर्णय."

आधी फार्मसीवाली उठली. मग बाकीचे. खुर्च्या भिंतीला लागायला लागल्या. काही जणांचे डोळे भरले होते. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि इतकं हलकं मला आत्या गेल्यापासून वाटलं नव्हतं. हे मी लपवणार नाही.

सुईणआजी उठली नाही.

"पोरी," ती म्हणाली, "हॉर्न वाजवायला माझ्या जावयाला तू सांगितलंस ना?"

खुर्च्या होत्या तिथेच थांबल्या. प्रमुखाच्या शब्दानंतर आमच्यात कोणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"तुझी आत्या सगळ्यांचं ऐकून बोलायची. तू आज शेवटी बोललीस असं तुला वाटतं. तू सकाळीच बोलून बसली होतीस."

"सकाळी नाही, आजी. सतरा वर्षांपूर्वी."

"मग आम्हाला कशाला बसवलंस?"

मी अहवालांच्या घड्या घालायला लागले. ती भिंतीचा आधार घेत उठली आणि वॉर्डात निघून गेली.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. ‘उमेदवार अद्याप तयार नाहीत.’ खाली सही केली, शिक्का जरा दाबूनच मारला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन. महिनाअखेर थिएटरला कुलूप लागलं. सुईणआजीच्या चारपैकी तिघी नीट सुटल्या. चौथीला गाडीत घालून न्यावं लागलं. ती वाचली, मूल वाचलं नाही.

पुढची सभा टाकीचीच होती. सगळे बोलले. मीही शेवटी बोलले, सगळ्यांचं मिळून जे झालं होतं तेच सांगितलं, एक शब्द पदरचा घातला नाही. बोलणं संपवून मी लोकांच्या उठण्याची वाट पाहत राहिले.

कोणी उठलं नाही. अजून कोणीतरी बोलायचं राहिलंय, असे सगळे बसून होते.